दोन निळी बोटे

“पुठ्ठा आत नीट गेलाय ना बघा, दादा. नाहीतर छातीवरचा रंग पाठीवर उतरायचा,” वृंदा म्हणाली.

मी पुठ्ठा बाहेर ओढला, पुन्हा आत सरकवला आणि त्याची कड शिवणीशी समांतर आणली. “नुसता आत जाऊन भागत नाही. तो सरळ बसला पाहिजे. पहिल्या प्रतीवर ठसा जिथे पडला तिथेच तो शेवटच्या प्रतीवर पडला, तर ती छपाई. एरवी ते डाग.”

“झालं! काका आता टी-शर्टांची प्रुफं तपासणार,” केतकी हसत म्हणाली.

“तपासू दे, तपासू दे,” अच्युत आतल्या खोलीतून ओरडला. “चूक सापडल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.”

ही बारा वर्षांपूर्वीची हकीकत आहे. कऱ्हाडला, माझा धाकटा भाऊ अच्युत याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे अंथरली होती आणि त्यांवर सात कोरे पांढरे टी-शर्ट मांडले होते. खळ निघून जावी म्हणून त्याच्या बायकोने, वृंदाने, ते आदल्या दिवशी धुऊन वाळवले होते. केतकीचे, म्हणजे अच्युतच्या एकुलत्या एका मुलीचे, लग्न नाशिकच्या पिंगळ्यांच्या तन्मयशी ठरले होते. लग्नाची धांदल सुरू होण्यापूर्वी दोन्ही घरांनी तीन दिवस गुहागरला एकत्र काढावेत, ही कल्पना अच्युतची; आणि सर्वांनी घरी रंगवलेले एकसारखे टी-शर्ट घालावेत, ही वृंदाची. तिने मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. फॅब्रिक कलरच्या बाटल्या, भांडी घासायच्या स्पंजाचे तुकडे, आणि वाळल्यावर उलट्या बाजूने कडक इस्त्री. एवढे केले की रंग आयुष्यभर जात नाही, असे ती व्हिडिओतली बाई म्हणत होती.

मी त्या वेळी कऱ्हाडातच, सोमवार पेठेतल्या माझ्या दोन खोल्यांत एकटा राहत असे आणि पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेची मुद्रिते तपासत असे. साखरपुड्याला मी नाशिकला गेलो नव्हतो; गाडीत जागा नाही, असे अच्युतने सांगितले होते. गुहागरला मात्र काका हवाच, म्हणून केतकीने हट्ट धरला होता.

छातीवरच्या मजकुरासाठी तिने एका जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये अक्षरे कोरली होती: ‘आम्ही सारे एक!’ फिल्म कापडावर ठेवून स्पंजाने रंग टिपला की अक्षरे उमटत. काम सुबक होते. तरीही मी माझे म्हणणे मांडलेच.

“उद्गारचिन्ह काढून टाक.”

“का रे काका?”

“विधान खरे असेल तर त्याला ओरडण्याची गरज नाही. आणि जे खरोखर एक असतात, ते छातीवर तसे लिहून हिंडत नाहीत.”

“मग सगळाच मजकूर काढून टाकू का?” वृंदा म्हणाली. तिचा आवाज जरा तापला होता. “दादा, तीन दिवस मजा करायला चाललोय आपण. तुमचा निबंध नाही हा.”

उद्गारचिन्ह राहिले.

पाठीवर पंजे यायचे होते. आम्हा चौघांचे उजवे पंजे, प्रत्येक टी-शर्टावर, वर्तुळात, अंगठे एका दिशेला. पिंगळ्यांकडच्या तिघांच्या टी-शर्टांवरही आमचेच पंजे. म्हणजे आम्ही मसूरकरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, असा वृंदाचा गोड अर्थ होता. प्रत्येकाला एक रंग. अच्युतचा तांबडा, वृंदाचा पिवळा, केतकीचा हिरवा.

“दादाला निळा द्या. शाईचा,” अच्युत म्हणाला. तो आता बाह्या सारून टेबलाशी आला होता.

केतकीने स्पंज निळ्या रंगात बुडवला आणि क्षणभर थांबली. “काका, तुझा उजवा की डावा?”

माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट मुळापासून नाहीत. अंगठा आणि अनामिका यांच्यात लेखणी धरून मी लिहितो, आणि अक्षर चांगले येते. या बोटांची एक गोष्ट आमच्या घरात प्रचलित होती. आमच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, छापखाना होता. तिथल्या कागद कापायच्या मशीनवर काम करताना मी पुस्तक वाचत होतो, लक्ष नव्हते, सुरी खाली आली. पुस्तकापायी गेलेली बोटे. केतकी लहान असल्यापासून ही गोष्ट ऐकत आली होती, आणि जेवताना वाचत बसली की वृंदा तिला त्याच गोष्टीचा धाक घालत असे.

“डावा चालेल की,” वृंदा पटकन म्हणाली. “सगळ्यांचे उजवेच पाहिजेत असं काही नाहीये.”

“आहे,” मी म्हटले. “तीन उजवे आणि एक डावा घेतला, तर त्याचा अंगठा उलट्या दिशेला जाईल. वर्तुळ मोडेल. शिवाय हात घ्यायचाच असेल, तर मी ज्या हाताने जगलो तो घ्यावा.”

वृंदाने अच्युतकडे पाहिले. अच्युतने खांदे उडवले. “त्याच्याशी वाद घालून कोणी जिंकलंय का आजवर? आण तो स्पंज.”

रंग त्याने स्वतः लावला. माझे मनगट डाव्या हातात धरून, आधी तळवा, मग अंगठा, मग करंगळी आणि अनामिका. शेवटी, जिथे दोन बोटे असायला हवीत तिथल्या गुळगुळीत कातडीवरून त्याने स्पंज अगदी हलका फिरवला. इतक्या वर्षांत त्या जागेला त्याचा हात लागल्याचे मला आठवत नव्हते. मग त्याने टी-शर्टाच्या दोन्ही कडा ताणून धरल्या आणि म्हणाला, “घे.”

हा शब्द आमच्या छापखान्यातला. कापायच्या मशीनवर नेहमी दोघे असत. एकाने कागदांची चळत सुरीखाली सारून, थापटून, सरळ करायची. दुसऱ्याने बाजूचा लांब दांडा धरून उभे राहायचे. चळत लावणाऱ्याने हात बाहेर काढून ‘घे’ म्हटले, की मगच दांडा ओढायचा. नानांचा हा नियम इतका कडक होता की घरात कपाट हलवायचे असले, तरी आम्ही ‘घे’ म्हटल्याशिवाय हात लावत नसू. नानांच्या मागे छापखाना विकला गेला, अच्युत वीज मंडळात मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि तो शब्द कोणाच्या तोंडी उरला नव्हता.

मी त्याच्याकडे पाहिले. तो कापडाकडे पाहत होता. मी हात टेकवला.

“किती छान आलाय!” केतकी म्हणाली. “सगळ्यांत वेगळा.”

सातही टी-शर्ट झाले. दुपारभर ते गच्चीत वाळले, संध्याकाळी वृंदाने त्यांना उलट्या बाजूने इस्त्री केली आणि घडी न घालता पुन्हा टेबलावर पसरून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे असल्याने मी तिथेच राहिलो होतो. जेवणाआधी बाहेरच्या खोलीत वाचत बसलो होतो, आणि पाणी प्यायला म्हणून आत गेलो तो दारातच थबकलो.

अच्युत टेबलाशी एकटा उभा होता. त्याच्यासमोर केतकीची शाळेतली रंगपेटी उघडी होती. एका बशीत त्याने निळा रंग कालवला होता. आपल्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट त्याने त्या रंगात बुडवले, टी-शर्टावर वाकला, आणि माझ्या पंज्यातल्या मोकळ्या जागेवर ती दोन बोटे अलगद टेकवली. उचलली. डोके तिरके करून पाहिले. मग पुढचा टी-शर्ट ओढला. असे सातही.

ज्या गोष्टीविषयी आम्ही दोघे आयुष्यात एक शब्द बोललो नव्हतो, ती तो माझ्यासमोर, मी तिथे आहे हे ठाऊक नसताना, बोलत होता, असे मला वाटले. तो आपली बोटे मला देत होता. मी पाणी न पिता मागच्या मागे वळलो आणि बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो. ओळी दिसत नव्हत्या. जेवायला हाक आली तेव्हा तोंड धुऊन गेलो. अच्युतच्या नखांच्या कडांना निळा रंग होता. तो मला म्हणाला, “दादा, भात घे ना आणखी,” आणि मी भात घेतला.

दुसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना मी एकदाही कोणाशी वाद घातला नाही. वृंदाने दोनदा विचारले, बरे वाटते आहे ना म्हणून.

पिंगळे मंडळी रात्रभर प्रवास करून आली. आम्ही गुहागरला पोचून एक मुक्काम केल्यावर, सकाळी. पिंगळे उंच, सावळे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नी त्यांच्या दुप्पट बोलत. चहा होतो न होतो तोच वृंदाने टी-शर्ट वाटले आणि सगळे ते घालून सुरूंच्या झाडांतून समुद्राकडे निघाले. माझी ओळख चालता चालता झाली. अच्युत मध्ये होता, पिंगळे त्याच्या पलीकडे.

“साखरपुड्याला भेट राहिली,” पिंगळे पुढे वाकून मला म्हणाले. “तुम्हाला ताप होता म्हणे.”

मी अच्युतकडे पाहिले. तो तन्मयला कॅमेऱ्याविषयी काही विचारत होता.

“हो,” मी म्हटले. “आता उतरला.”

मला त्या वेळीच समजायला हवे होते. पण परवा संध्याकाळचे ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते, आणि त्याच्या प्रकाशात मी सगळेच वाचत होतो. अच्युतला अवघडल्यासारखे होत असेल, मी स्वतःशी म्हणालो. इतक्या वर्षांचे ओझे उतरवताना माणूस चार पावले वेडीवाकडी टाकतोच.

लाटा मध्यम होत्या. केतकी आणि तन्मय खोल गेली, बाकीचे कमरेइतक्या पाण्यात एकमेकांचे हात धरून उभे राहिलो. दोन्ही विहिणी प्रत्येक लाटेला किंचाळत होत्या. बराच वेळ असा गेला. मग सगळे बाहेर आले आणि वाळूत टेकले. शहाळी आली.

“अगंबाई!” पिंगळ्यांच्या पत्नी म्हणाल्या. “अहो, तुमच्या पाठीवरची बोटं गेली!”

“माझ्या पाठीवरची?”

“हा निळा पंजा हो. सकाळी घातला तेव्हा मी पाहिला होता, पाच बोटं होती. आता तीनच.” त्यांनी वृंदाला वळवले. “यांच्याही! केतकीच्याही! समुद्राने सगळ्यांची दोन दोन बोटं खाल्ली की!”

त्या खदखदून हसल्या. वृंदाने खालच्या आवाजात अच्युतला म्हटले, “तरी मी सांगत होते, पोस्टर कलर आहे तो.”

“निळा संपला होता,” अच्युत तसाच खाली मान घालून म्हणाला.

पिंगळे हसत माझ्याकडे वळले. माझ्या हातात शहाळे होते आणि ते मी उजव्या हाताने धरले होते. त्यांचे हसू थांबले.

“दादाचा पंजा तो,” अच्युत घाईने म्हणाला. “अपघात हो. आजारबिजार काही नाही! तसलं आमच्याकडे कुणालाच काही नाही. अगदी तरुणपणातला अपघात.”

“आजाराचं कोण म्हणालं, अच्युतराव?” पिंगळे ओशाळून म्हणाले.

“नाही, लोकांना वाटतं ना काहीबाही. दादाची दोन स्थळं त्यापायी फिरली होती. म्हणून आधीच सांगितलेलं बरं.”

मी शहाळे वाळूत ठेवले. ज्या प्रकाशात मी परवापासून वाचत होतो, तो विझला. उरलेला मजकूर स्वच्छ होता. गाडीत जागा नसणे, ताप, आणि सात टी-शर्टांवर सात वेळा उमटवलेली दोन बोटे. सगळे एकाच वाक्याचे शब्द होते.

पण माणूस आशा सोडताना सौदा करतो. लाज वाटली असेल, मी म्हटले. लाज वाटायला आठवण असावी लागते. निदान त्याला आठवते.

अच्युत आता रंगात आला होता. गप्पा पुन्हा हसतखेळत व्हाव्यात म्हणून त्याने घरातली गोष्ट काढली. “अहो, किस्साच आहे तो. नानांचा छापखाना. हा कटिंग मशीनवर. एका हातात कादंबरी, दुसरा हात मशीनमध्ये! कादंबरीतली नायिका रडायला लागली, तसा हाही रडायला लागला, डोळ्यांत पाणी, दिसेना काही, आणि सुरी आली खाली!”

“बाबा, पुरे ना,” केतकी म्हणाली.

“अगं, तो स्वतःच सांगायचा! काय रे दादा?”

नायिका मी कधी सांगितली नव्हती. ती त्याने घातलेली भर होती. वृंदा हसली, पिंगळ्यांच्या पत्नी “चक्‌ चक्‌” करून हसल्या. पिंगळे हसले नाहीत. ते कपाळाला आठी घालून काही जुळवून पाहत होते.

“हाताचं मशीन होतं का?” त्यांनी मला विचारले. “बाजूला लांब दांडा असतो, तसलं?”

“हो.”

“पंचवटीत माझ्या मामांचं बाइंडिंगचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथंच असायचो. तो दांडा ओढायला दोन्ही हात लागायचे, आणि त्यासाठी बाजूला जाऊन उभं राहावं लागायचं.” ते थांबले. “एकट्या माणसाचा हात सुरीखाली आणि दांडाही त्याच्याच हातात, हे होणार नाही. मग दांडा कोणी ओढला?”

हा प्रश्न विचारणाऱ्याची मी किती वर्षे वाट पाहिली होती! त्या गोष्टीतले भोक एवढे मोठे होते की त्यातून माणूस जावा, आणि माझ्या घरातल्या कोणालाही ते कधी दिसले नव्हते. आईला नाही, नातेवाइकांना नाही, ‘मुलगा वेंधळा दिसतो’ म्हणून नकार कळवणाऱ्यांना नाही.

नानांना दिसले होते. ते मशीन त्यांनी स्वतः विकत आणले होते, त्याचा प्रत्येक खिळा त्यांना ठाऊक होता. त्या दिवशी ते साताऱ्याला गेले होते आणि दांड्यावरचा माणूस जेवायला गेला होता. अच्युत अकरावीत होता. त्याने छापखान्यात पाऊल टाकायचे नाही, तो शिकणार आहे, अशी नानांची सक्त ताकीद होती. तो आपणहून आला, मी नको म्हणत असताना दांड्याशी उभा राहिला. रस्त्यावरून लग्नाचा बँड चालला होता. मी चळत सरळ करत होतो, माझा हात आत होता, मी ‘घे’ म्हटले नव्हते. त्याने बँडकडे मान वळवली आणि दांडा ओढला.

“नानांना सांगू नको,” एवढेच तो म्हणाला. तीनतीनदा. माझा हात त्याने स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळला होता. मी सांगितले नाही. दवाखान्यात नाना आले तेव्हा मी म्हटले, वाचत होतो. नानांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग दाराशी उघड्या अंगाने उभ्या असलेल्या अच्युतकडे पाहिले. मग म्हणाले, “पुस्तकं जाळून टाक ती,” आणि घरी जाऊन सर्वांना तेच सांगितले. त्यांना एक शिकणारा मुलगा हवा होता. त्यांनी हिशेब केला आणि मला खर्ची घातले. मी आक्षेप घेतला नाही. मला वाटत होते, जगात निदान एका माणसाला हे माहीत आहे. तेवढे मला पुरत होते. त्या एका माणसाच्या जिवावर मी नायिकेसकट सगळे किस्से ऐकून घेत आलो होतो.

“खरंच की रे दादा,” अच्युत म्हणाला. “हे कधी डोक्यातच आलं नाही. दांडा कोणी ओढला?”

मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. जन्मभर मी दुसऱ्यांच्या मजकुरात दडलेल्या चुका शोधल्या आहेत. पहिल्या वाचनात निसटलेली दुसऱ्यात सापडते, दुसऱ्यात निसटलेली तिसऱ्यात. मी तो चेहरा तसा वाचला. कपाळ, पापण्या, ओठांचे कोपरे. कुठेच काही खटकत नव्हते. तिथे लाज नव्हती, भीती नव्हती, सोंग नव्हते. शहाळ्याची नळी तोंडाशी धरून माझा भाऊ खऱ्या कुतूहलाने उत्तराची वाट पाहत होता. इतकी वर्षे मी सांगितलेली गोष्ट ऐकून ऐकून त्याने ती खरी मानली होती, आणि खरी गोष्ट त्याच्या डोक्यातून, इस्त्री न केलेल्या रंगासारखी, पार निघून गेली होती.

“होता एक मुलगा,” मी म्हणालो. “नवा होता. मी शब्द देण्याआधी ओढला.”

“आणि नानांनी त्याला तसाच सोडला?” अच्युत ताठ बसला. त्याचा राग खरा होता, माझ्यासाठी होता. “अरे, पोलिसात द्यायला हवा होता! आणि तू त्याच्यापायी खोटं बोललास? हा आमचा दादा, पिंगळेसाहेब. कुणाचंही आपल्या अंगावर घेईल. मी तिथं असतो ना, तर—”

“तू नव्हतास,” मी म्हटले.

“नाव काय त्याचं?”

“आठवत नाही.”

“आणि पुढं काय झालं त्याचं?” हे पिंगळ्यांनी विचारले, अगदी हळू.

“शिकला. चांगलं चाललंय त्याचं.”

पिंगळे माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी अच्युतकडे पाहिले, मग वाळूकडे. वाळूतली एक शिंपली उचलून त्यांनी ती उलटी केली आणि पुन्हा होती तशी ठेवली. त्या माणसाला काही कळले असेल, तर त्याने ते कळू दिले नाही. त्यांच्याविषयी मला आजही आदर आहे.

“चला चला, फोटो!” पिंगळ्यांच्या पत्नींनी टाळ्या वाजवल्या. “अंग वाळायच्या आत. ओल्या अंगाचे फोटो छान येतात.”

तन्मयने कॅमेरा घेतला. आधी पाठमोरा फोटो झाला. सात टी-शर्टांपैकी सहा, आणि सहांवर माझा तीन बोटांचा हात, इस्त्रीने पक्का झालेला. मग सगळे कॅमेऱ्याकडे तोंड करून, समुद्र मागे घेऊन, ओळीत उभे राहिले. अच्युत माझ्या शेजारी होता. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला होता.

“सगळ्यांनी उजवा हात वर करा,” केतकी म्हणाली. “पंजा पुढे. टी-शर्टावर आहे ना, तसा!”

पाच हात वर गेले. मी माझा वर केला.

तन्मयने डोळा कॅमेऱ्याला लावला, आणि काढला. पुन्हा लावला. अच्युतने मान न वळवता, चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून, माझ्या कानाशी म्हटले, “दादा. दुसरा हात.”

त्याच्या स्वरात दटावणी नव्हती. म्हाताऱ्या माणसाच्या ओठाला लागलेले शीत पुसावे, तशी माया होती. वाद घालण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. अंगठ्याची दिशा होती, ओळीचा मेळ होता, आणि ज्या हाताने मी जगलो तो हात होता. मी उजवा हात खाली घेतला आणि डावा वर केला.

अच्युतने डोळ्यांच्या कोपऱ्यातून तो वर गेल्याची खात्री करून घेतली. तेवढा वेळ तो थांबला. मग समोर पाहून मोठ्याने म्हणाला, “हं, तन्मय. घे.”